वेगाला वाट हवी

इंदूरमध्ये तुकोगंजाला लागून एक रस्ता जातो. त्याचे नाव रेसकोर्स रोड. होळकरशाहीतल्या घोड्यांच्या शर्यतींची ही खूण. घोडे गेले, मैदान गेले, नाव तेवढे उरले. संस्थानिकांच्या काळातला, १९३४ साली तुकोजीराव होळकरांनी मुलाच्या नावाने काढलेला यशवंत क्लब या भागात अजून आहे. बाकी सगळीकडे दुकाने, दवाखाने आणि उंच इमारती झाल्या आहेत.

माझे आजोळ तुकोगंजातले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही मुले गच्चीवर झोपत असू. रात्री अकराच्या पुढे रहदारी ओसरली की रेसकोर्स रोडच्या बाजूने एक आवाज येई. आधी घुरघुर, मग चढत चढत जाणारी किंकाळी, मग एकदम शांतता. मामा पडल्यापडल्या आवाजावरून गाडी ओळखत. ही आरएक्स, ही येझदी. आजीला मात्र त्या आवाजाने झोप येत नसे. कुणाच्या घरचे पोर असेल ते, एवढेच ती म्हणे. मोटारसायकलच्या शर्यतीशी माझी ओळख झाली ती अशी, अंधारातून आणि आवाजावरून.

पुढे या विषयाचा थोडा माग काढला, तेव्हा एक गोष्ट सारखी समोर येत गेली. शर्यतीला तिघे लागतात. गाडी चालवणारा, गाडी घडवणारा आणि दोघांना मोकळी मिळणारी वाट. मराठी मुलखात आणि माळव्यासारख्या मराठी वस्तीच्या प्रांतांत पहिले दोघे भरपूर होते. तिसरी गोष्ट मात्र फार उशिरा आली, आणि आली तीही आपल्यासाठी नव्हे. हा इतिहास त्या न मिळालेल्या वाटेचा आहे.

वेगाची हौस इंदूरला नवी नव्हती. होळकरांचे घोडदळ हेच मुळी वेगावर जगणारे. विसाव्या शतकात ही हौस घोड्यावरून इंजिनावर आली. महाराज यशवंतराव होळकर, दुसरे, यांचा जन्म १९०८ चा. माणिकबाग हा त्यांचा राजवाडा एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाने अगदी आधुनिक पद्धतीने बांधला. त्याच दशकात महाराजांनी अमेरिकेची ड्यूसेनबर्ग ही सुपरचार्जर लावलेली मोटार घेतली आणि तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग कंपनीकडून मुद्दाम आपल्या पसंतीने घडवून घेतली. कंपनी या इंजिनाची ताकद ३२० अश्वशक्ती सांगत असे. गाडीचे रंग भगवा आणि काळा. आज आपण ज्याला कस्टम गाडी म्हणतो, तिचे इंदुरातले हे राजेशाही उदाहरण. पन्नास वर्षांनी त्याच शहरातली पोरे शंभर सीसीची गाडी गल्लीतल्या मिस्त्रीकडे नेऊन सायलेन्सर कापून घेऊ लागली, तेव्हा तेही तेच करत होती. कारखान्याने दिलेली गाडी आपली वाटत नाही; ती आपल्या अंगाची करून घ्यावी लागते. फरक खिशाचा होता, हौसेचा नव्हता.

शर्यतीची वाट हा प्रश्न जगात सगळीकडेच पहिल्यापासून होता. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने मोटारींना ताशी २० मैलांची मर्यादा घातली. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे तिथे शक्यच नव्हते. मग हौशी मंडळी आइल ऑफ मॅन या बेटावर गेली. या बेटाची संसद वेगळी, कायदे वेगळे. त्या संसदेने शर्यतीपुरते रस्ते बंद करण्याचा कायदा केला आणि २८ मे १९०७ रोजी तिथे मोटारसायकलींची पहिली टीटी शर्यत झाली. एका सिलिंडरच्या गाड्यांत चार्ली कॉलियर मॅचलेसवर जिंकला आणि दोन सिलिंडरच्या गाड्यांत रेम फाउलर नॉर्टनवर. गंमत म्हणजे त्या पहिल्या शर्यतीत पेट्रोल मोजून दिले होते. गाडी नुसती पळून चालत नव्हते, काटकसरीने पळावी लागत होती. १९११ साली शर्यत डोंगरातल्या मोठ्या फेरीवर गेली. त्या वर्षी पहिल्या तिन्ही जागा ‘इंडियन’ नावाच्या गाड्यांनी पटकावल्या. नाव इंडियन, पण कारखाना अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डचा. आपला त्यात काही संबंध नाही.

टीटीचा हा मार्ग सुमारे ६० किलोमीटरचा. घरांच्या भिंती, दगडी कुंपणे, पूल यांच्यामधून जाणारा. आजवर अडीचशेहून अधिक स्वारांनी तिथे प्राण गमावले आहेत. म्हणजे रस्ता कायद्याने बंद केला तरी धोका संपत नाही. पण एक फरक पडतो. जिथे शर्यत उघडपणे होते, तिथे अपघात मोजला जातो, त्याचे कारण शोधले जाते आणि पुढच्या वर्षी नियम बदलतो. हेल्मेटचेच बघा. इंग्लंडमधल्या ब्रूकलँड्सच्या ट्रॅकवर डॉ. एरिक गार्डनर यांना डोक्याला मार लागलेले स्वार सारखे दिसू लागले. त्यांनी टणक टोपी करवून घेतली आणि तिचा आग्रह धरला. १९१४ च्या टीटीत ती सक्तीची झाली. पुढे १९३५ साली ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागून गेला. त्याच्या उपचारांत असलेले शल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी हा विषय सोडला नाही. महायुद्धात लष्करी निरोप घेऊन धावणाऱ्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा त्यांनी अभ्यास केला, तो १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ब्रिटिश सैन्यात त्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. आज चौकातला शिपाई ज्याच्यासाठी आपल्याला अडवतो, त्या टोपीचा हा इतिहास.

निरोप घेऊन धावणाऱ्या या स्वारांशी आपल्या भागाचेही नाते आहे. इंदूरजवळचे महू म्हणजे लष्कराच्या सिग्नल दलाचे शिक्षणकेंद्र. जबलपूरला याच दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि मोटारसायकलींवर मनोरे रचणारे त्यांचे ‘डेअर डेव्हिल्स’ पथक १९३५ पासूनची परंपरा सांगते. मध्य भारतातल्या माणसाने मोटारसायकलवरचे खरे कौशल्य पाहिले ते आधी खाकी कपड्यांत.

आता भारतातली शर्यत. आपल्याकडे टीटीसारखे रस्ते बंद करण्याऐवजी दुसराच मार्ग निघाला. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी ठिकठिकाणी विमानांसाठी धावपट्ट्या बांधल्या. युद्ध संपले, विमाने गेली, पट्ट्या उरल्या. मद्रासच्या उत्तरेला शोलावरम येथे अशी एक पट्टी होती. १९५३ साली मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला आणि शोलावरमला मोटारी आणि मोटारसायकली पळू लागल्या. बंगालमध्ये बराकपूरच्या पट्टीवर शर्यती होत. पण टिकले ते मद्रास. पुढे क्लबने शहराच्या पश्चिमेला इरुंगाट्टुकोट्टै येथे स्वतःचा ट्रॅक बांधला, तो १९९० मध्ये सुरू झाला. कोइमतूरजवळचा करी मोटर स्पीडवे २००३ चा. राष्ट्रीय शर्यतीचा स्वार दक्षिणेतच का घडतो, याचे अर्धे उत्तर इथे आहे.

उरलेले अर्धे उत्तर कारखान्यांत आहे. १९५५ पासून मद्रासेत एनफिल्डची बुलेट बनू लागली. १९६० नंतर म्हैसूरला आयडियल जावा कारखान्यातून चेकोस्लोव्हाकियाची जावा आणि पुढे तीच येझदी या नावाने बाहेर पडू लागली. होसूरला टीव्हीएस आली आणि १९८२ पासून तिने स्वतःचा रेसिंग विभाग चालवला. या गाड्या मोटारसायकली होत्या. ट्रॅक जवळ होता. कारखान्यातला इंजिनीअर आणि रविवारी शर्यत लावणारा हौशी स्वार एकमेकांना ओळखत होते.

पुण्याकडे काय होते? आकुर्डीला बजाजची स्कूटर होती. १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिकची लुना आली. त्या काळात स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत असत. दारी आलेल्या स्कूटरची हळदकुंकू लावून पूजा होई. पुढे उभा मुलगा, मागे बाई, तिच्या मांडीवर धाकटे. अशा वाहनाची शर्यत लावणे हा अविचारच. म्हणजे आपल्याकडच्या कारखान्यांनी संसाराचे वाहन बनवले आणि दक्षिणेच्या कारखान्यांनी स्वाराचे. यात कमीअधिक काही नाही. पण ज्या पोराला पळायचे होते, त्याला इकडे गाडीही परप्रांतातली आणावी लागत होती आणि ट्रॅकही परप्रांतातला गाठावा लागत होता. विसाव्या शतकात महाराष्ट्रात मोटारसायकलींसाठी पूर्ण लांबीचा कायमचा ट्रॅक उभा राहिला नाही. इंदूरहून गाडी घेऊन मद्रासला जायचे म्हणजे दीड हजार किलोमीटरचा पल्ला. गाडी रेल्वेच्या पार्सलमध्ये टाकायची, टायर आणि सुटे भाग बरोबर घ्यायचे, दोन-चार दिवस राहायचे, आणि पहिल्याच वळणावर पडलो तर परत यायचे. नोकरदार बापाच्या मुलाला हे परवडणारे नव्हते.

आणि नेमक्या याच वेळी गाड्या बदलल्या. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने राजदूत ३५० आणली. ती यामाहाची आरडी ३५०. जपानी गाडीची ताकद ३९ अश्वशक्ती होती. आपल्या रस्त्यांसाठी ती कमी करून तीसच्या आसपास ठेवली होती, तरी त्या वेळच्या भारतात तिच्याइतके वेगवान दुसरे काही नव्हते. १९८५ मध्ये आरएक्स १०० आली. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, वजनाला हलकी. आकडे लहान दिसतात, पण या गाडीने एका पिढीला वेड लावले.

हे वेड समजून घ्यायचे तर टू-स्ट्रोक इंजिन थोडे समजून घेतले पाहिजे. या इंजिनात झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्यांसारखी भोके असतात आणि पिस्टन वरखाली जाताना तीच उघडझाप करतो. अडचण अशी की जळका धूर बाहेर जाताना नवे पेट्रोलही थोडे त्याच्याबरोबर निसटते. पूर्व जर्मनीतल्या चोपाऊ गावच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन नावाचा इंजिनीअर होता. त्याने सायलेन्सरचा मागचा भाग आधी फुगवला आणि पुढे निमुळता केला. धुराबरोबर बाहेर पडलेली दाबाची लाट त्या निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि निसटू पाहणारे पेट्रोल पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. लाट वेळेवर परत आली की इंजिन एकदम उसळते. वेळ चुकली की गाडी मरगळते. आमच्या गच्चीवर ऐकू येणारी ती चढती किंकाळी म्हणजे लाट वेळेवर परत आल्याचा आवाज.

काडेनची ही विद्या पडद्याआड राहिली नाही. एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळाला. बर्लिनची भिंत नुकतीच उभी राहिली होती. तो सुझुकीकडे गेला, आणि १९६२ मध्ये सुझुकीच्या ५० सीसी गाडीवर टीटीही जिंकला आणि जगज्जेतेपदही. त्यानंतर जपानी टू-स्ट्रोक गाड्यांचा जो जमाना आला, त्याचे शेंडेफळ आपल्या गल्लीतली आरएक्स. पूर्व जर्मनीतल्या कारखान्यात निघालेली युक्ती, स्वीडन आणि जपान फिरून, तीस वर्षांत इंदूरच्या मिस्त्रीच्या हातात आली.

आमच्या मामांच्या ओळखीचा असा एक मिस्त्री होता. घरी मराठी, गॅरेजात माळवी वळणाची हिंदी. काडेनचे नाव त्याने ऐकले नसावे. पण सायलेन्सर कुठे कापायचा, पत्रा वळवून नवा फुगीर नळा कसा जोडायचा, हेड किती घासायचे, बोअरमधली खिडकी कानशीने किती वाढवायची, कार्ब्युरेटरचे जेट कोणते घालायचे, हे त्याचे त्याने हाताने शोधून काढले होते. इंजिन चालू करून तो डोळे मिटून ऐके. हेड जास्त घासले तर इंजिन तापते आणि पिस्टन जाम होतो, मागचे चाक धावत्या गाडीत जागच्या जागी धरते. हे त्याने दोन-तीन पिस्टन जाळून शिकलेले. बेळगावात, बिदरात, बऱ्हाणपुरात असे मिस्त्री वाचकांनीही पाहिले असतील. भाषा तिथे कानडी किंवा उर्दू मिसळलेली; पण पाना, बोअर, प्लग, चेन हे शब्द तेच आणि हाताला लागलेले ऑइलही तेच. या माणसांची नोंद कुठल्याही विक्रमांच्या यादीत नाही. मद्रासेत जन्मले असते तर यांतले काहीजण एखाद्या संघाचे मुख्य मेकॅनिक झाले असते.

अशाच एका सुटीत आमच्या गल्लीतला एक मुलगा गेला. वय एकोणीस. पैज लागली होती, रात्रीची वेळ होती, डोक्यावर काही नव्हते. समोरून एक हातगाडी आली, दिवा नसलेली. गाडी त्या मिस्त्रीनेच तयार करून दिली होती. त्यानंतर त्याने सायलेन्सर कापायचे सोडले. कुणी आग्रह केला तर त्याचे म्हणणे एकच असे: गाडी पळती करून देईन, पण तिला पळायला रस्ता कुठून आणू? त्याला कुणी उत्तर देत नसे. उत्तर नव्हतेच.

कायद्याचे उत्तर होते, ते दंडाचे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमानुसार रस्त्यावर शर्यत लावली तर एक महिन्यापर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने कैद तीन महिन्यांपर्यंत आणि दंड ५,००० रुपयांपर्यंत गेला. पुन्हा पकडल्यास त्याहून जास्त. हे योग्यच आहे. रस्ता शाळेत जाणाऱ्या मुलांचा आहे, दिवा नसलेल्या हातगाडीवाल्याचाही आहे. पण त्याच कलमात राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून असे शब्द आहेत. म्हणजे संमतीने शर्यत होऊ शकते, हे कायद्याने धरलेले आहे. आइल ऑफ मॅनच्या संसदेने १९०० च्या दशकातच जे उघड मांडले, ते आपल्या कायद्यात अर्ध्या वाक्यात दडून आहे. आपण दंडाचा भाग नेमाने वाचला, संमतीचा फारसा वाचलाच नाही.

दरम्यान इंदूरच्या दाराशी वेगळेच काही घडत होते. १९८० च्या दशकात जवळच्या पीथमपूरला मोठी औद्योगिक वसाहत झाली आणि तिथे कायनेटिक होंडाची स्कूटर बनू लागली. आपल्या फिरोदियांची आणि जपानच्या होंडाची ही भागीदारी. बटण दाबले की चालू होणारी, गिअर नसलेली ही गाडी पुन्हा संसाराचीच; पण तिने बायकांना रस्ता मिळवून दिला, हे विसरून चालणार नाही. २००८ मध्ये कायनेटिकचा हा व्यवसाय महिंद्राने घेतला, पीथमपूरच्या कारखान्यासकट. आणि २०११ पासून महिंद्राचा संघ मोटारसायकलींच्या जागतिक अजिंक्यपद शर्यतीत उतरला. २६ जून २०१६ रोजी नेदरलँड्समधल्या आसेन येथे मोटो-३ गटात महिंद्राला पहिला विजय मिळाला. स्वार होता फ्रान्चेस्को बान्याया. हाच पुढे २०२२ आणि २०२३ असा दोनदा मोटोजीपीचा जगज्जेता झाला. भारतीय नावाच्या गाडीने जग जिंकले, पण ती गाडी घडली युरोपात आणि चालवली इटलीच्या पोराने. पीथमपूरच्या कामगाराने ती शर्यत पाहिली असेल तर घरच्या दूरदर्शन संचावर. १९११ च्या ‘इंडियन’ची आठवण व्हावी असा हा योग. २०१७ नंतर महिंद्राने ही शर्यत सोडली.

आणि मग वाट आली. २९ जून २०२१ रोजी पीथमपूरजवळ नॅट्रॅक्स या सरकारी चाचणी केंद्राच्या अतिवेगवान मार्गाचे उद्घाटन झाले. लांबी ११.३ किलोमीटर, रुंदी १६ मीटर, आकार लंबगोल, आशियातला सर्वांत लांब. वळणांना असा उतार दिला आहे की ताशी २५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचे सुकाणू हातात धरून ठेवावे लागत नाही. तुकोगंजातून निघालेला माणूस तास-सव्वातासात तिथे पोहोचतो. पण हा मार्ग कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे. भाडे भरून कारखान्यांनी गाड्या तपासून न्याव्यात, यासाठी तो बांधला. त्यात सरकारचे काही चुकले नाही. देशाला अशा केंद्राची गरज होतीच. तरी मनात येते की त्या मिस्त्रीने विचारलेला रस्ता शेवटी बांधला गेला, फक्त त्याच्यासाठी नव्हे.

आज इंदूरचे नाव या शर्यतींत आहे. कल्याणी पोटेकर यांच्यासारखी इथली मुलगी राष्ट्रीय पातळीवर मोटारसायकलच्या शर्यतीत उतरली. ज्या शहरात आजी पोरांच्या आवाजाने जागी राहत असे, तिथली मुलगी अंगावर चामड्याचा पोशाख आणि डोक्यावर पूर्ण हेल्मेट घालून उघड्यावर, निशाण पडल्यावर पळते, हा बदल थोडा नव्हे. पण त्यासाठी गाठावे लागते ते तामिळनाडूच. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची भारतातली पहिली फेरी झाली. मार्को बेझेकी जिंकला. बान्याया त्या दिवशी घसरून पडला, उठला आणि चालत बाहेर आला. २०२४ मध्ये ही फेरी झालीच नाही.

पडलेला स्वार उठून चालत येतो, हेच मला त्या साऱ्या सोहळ्यात मोलाचे वाटले. ट्रॅक म्हणजे नुसती डांबराची पट्टी नव्हे. कडेला मोकळी माती, तिच्यापलीकडे हवा भरलेले अडथळे, हातात झेंडा घेतलेला माणूस, उभी असलेली रुग्णवाहिका आणि समोरून कुणीही येणार नाही ही खात्री, हे सगळे मिळून ट्रॅक होतो. आमच्या गल्लीतल्या मुलाला यातले काहीच मिळाले नाही. त्याच्या हातात कसब कमी होते असे मी म्हणणार नाही. पाहणारे सांगत की तो वळणावर गाडी सुंदर झोपवत असे.

गेल्या वर्षी तुकोगंजात गेलो होतो. आजोळचे घर आता नाही, त्या जागी चार मजली इमारत आहे. रात्री रेसकोर्स रोडच्या बाजूने आवाज आला. टू-स्ट्रोकची किंकाळी नव्हती ती. आजच्या गाड्यांचा आवाज जाड असतो. पण चढत गेला तसाच. मी नकळत मोजू लागलो, आणि तो दूर जाऊन विरेपर्यंत मला झोप लागली नाही.